त्यांच्या गावचा दुतोंड्या मारुती

आलेलं पत्र:

ताई, मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. वय ६३, शाळेतून निवृत्त. मुलगी, जावई आणि सहा वर्षांची नात लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी राहतात. जानेवारी २०२५च्या आगीत त्यांना रात्रीच घर सोडून मैत्रिणीकडे जावं लागलं. घर वाचलं, माणसं सुखरूप आहेत. पण तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिकडे वारा सुटला की इकडे माझी झोप उडते. गेल्या आठवड्यात तिथे ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ दिल्याचं मोबाइलवर वाचलं आणि तिला फोन लावला. तिनं उचलला नाही. चार तासांत मी तेवीस फोन केले. शेवटी तिचा आला, तो चिडूनच. म्हणाली, ‘आई, आगीपेक्षा तुझ्या फोनचीच धडकी भरते मला.’ आता आमचं बोलणं ‘जेवलीस का, झोपलीस का’ एवढ्यापुरतं उरलंय. हे म्हणतात, बातम्या बघू नकोस. मला मात्र सारखं वाटतं, सरळ सांगावं की इकडे परत या. काय करू?
– एक आई

ताई,

काळजी करू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पोटची पोर वणव्याच्या वाटेवर राहते म्हटल्यावर कुठल्या आईचा डोळा लागेल? तुमच्या लेकीचं ते वाक्य मात्र मी तीन-चारदा वाचलं, आणि मला ती उद्धट वाटली नाही. घाबरलेली वाटली. असं का वाटलं, त्यासाठी आधी माझं एक जुनं दुखणं सांगते.

सप्टेंबर २००८. गोदेला मोठा पूर आला तेव्हा मी पुण्यात होते. माहेर भांडी बाजाराजवळ, जुन्या वाड्यात, स्वयंपाकघर तळमजल्याला. टीव्हीवर रामकुंडाचं पाणी दिसत होतं आणि मी दर दहा मिनिटांनी भावाला फोन करत होते. तो उचलायचा, ‘हो, ठीक आहे सगळं’ म्हणायचा आणि ठेवायचा. मला वाटायचं, तो मला टाळतोय. पुष्कळ वर्षांनी वहिनी बोलता बोलता सांगून गेली की तो त्या वेळी गुडघाभर पाण्यात उभा राहून धान्याचे डबे माडीवर चढवत होता. फोन वाजला की खांद्यावरचा डबा जिन्याच्या पायरीवर टेकवायचा, ओला हात शर्टाला पुसायचा, खिशातून फोन काढायचा. असाच एकदा टेकवलेला तांदळाचा डबा कलंडला आणि वर्षाचे तांदूळ पाण्यात गेले. भावानं हे मला आजवर बोलून दाखवलेलं नाही. माझं प्रेम खोटं नव्हतं, पण त्या दुपारी ते त्याच्या हातातलं काम सोडायला लावत होतं.

त्या चार तासांत तुमची लेक काय करत होती, हे तुम्ही तिला नंतर विचारलंत का? पत्रात ते नाही. तिकडे वाऱ्याचा जोर वाढला की वीज कंपन्या आग लागू नये म्हणून स्वतःहूनच काही भागांची वीज बंद ठेवतात. वीज गेली की घरचं वायफाय जातं, कधी मोबाइलचा टॉवरही थंडावतो. शिवाय घड्याळाचा फरक. हिवाळ्यात नाशिक त्यांच्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं, उन्हाळ्यात साडेबारा. आपल्याकडे दुपारचे साडेतीन म्हणजे हिवाळ्यात तिथे रात्रीचे दोन. कदाचित ती झोपली असेल, कदाचित बॅग भरत असेल. फोन न लागणं आणि काही बरंवाईट होणं यात पुष्कळ अंतर असतं.

आता तुम्ही नाशिकच्या आहात म्हणून सांगते. गोदेला पूर आला की आपण कुणी टीव्हीवाल्याला विचारत नाही. नदीपात्रात उभी असलेली ती दोन तोंडांची मारुतीची मूर्ती हे आपलं मोजमाप. आपण विचारतो, ‘दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं?’ गुडघ्याला, कमरेला, छातीला. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते ऐकायचं, मारुतीकडे बघायचं आणि सराफ बाजारातले लोक दुकानं रिकामी करायची का ते ठरवतात. ऑगस्ट २०१६ला मुंबईचे नातेवाईक ‘नाशिक बुडालं का?’ म्हणून रडवेले होऊन फोन करत होते आणि इंदिरानगरच्या घरांत पायरीलासुद्धा पाणी नव्हतं. ते नातेवाईक खोटं घाबरले नव्हते. त्यांना मारुती कुठे बघायचा ते ठाऊक नव्हतं, इतकंच. लेकीच्या गावच्या बाबतीत आज तुम्ही त्या मुंबईच्या नातेवाइकांच्या जागी आहात. तेव्हा तिच्या गावचा मारुती ओळखून घ्या.

पहिली गोष्ट, ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ म्हणजे आग लागलेली नसते. हवा कोरडी आहे, वारा जोराचा आहे, ठिणगी पडली तर आवरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथला तो ‘सांता आना’ वारा वाळवंटाकडून समुद्राकडे वाहतो, डोंगर उतरताना तापतो आणि आणखी कोरडा होतो. साधारण ऑक्टोबर ते मार्च हा त्याचा काळ. आपल्याकडे वणवे पेटतात ते फेब्रुवारीपासून पावसाची चाहूल लागेपर्यंत, त्यामुळे ऐन थंडीत तिकडे डोंगर जळतो हेच आपल्या डोक्यात शिरत नाही. असे इशारे त्यांना दर मोसमात अनेकदा येतात. त्यातल्या प्रत्येकाला तुम्ही रात्र जागवलीत तर तुमचं शरीर टिकायचं नाही.

दुसरी गोष्ट, त्यांच्या घराचा झोन नंबर. तिथे वस्त्यांचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकाला नंबर दिलेले आहेत. घर सोडण्याबाबत जे काही सांगितलं जातं ते त्या नंबराला उद्देशून. त्यात दोन पायऱ्या आहेत. ‘वॉर्निंग’ म्हणजे तयार राहा, आणि घरात लहान मूल, म्हातारं माणूस, जनावर असेल तर तेव्हाच निघा. ‘ऑर्डर’ म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर पडा. लॉस एंजेलिस काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, जवळपास एक कोटी लोक राहतात. २०२५च्या जानेवारीतल्या दोन मोठ्या आगी, समुद्राकडची पॅलिसेड्स आणि डोंगरापायथ्याच्या अल्टाडेना गावाची ईटन, यांच्यात जवळजवळ आपल्या नाशिक-इगतपुरीएवढं अंतर होतं. ‘लॉस एंजेलिस पेटलं’ या मथळ्यावरून तुमच्या लेकीच्या दाराशी काय आहे ते कळणार नाही. तिचा झोन नंबर बघितलात तर कळेल.

तिसरी, ती टक्केवारी. बातमीत येतं, ‘आग फक्त शून्य टक्के आटोक्यात’, आणि आपल्याला वाटतं की कुणी विझवतच नाहीये. आपलं वनखातं डोंगरावर जाळरेषा काढतं ती तुम्ही त्र्यंबकच्या वाटेवर पाहिली असेल, गवत आधीच जाळून-साफ करून ठेवलेला पट्टा. तो आकडा साधारण तसलाच हिशेब आहे. आगीच्या घेरापैकी किती भागाला अशी पक्की रेषा घातली गेली, ते त्यातून कळतं. ईटनची आग ७ जानेवारीला लागली आणि ३१ जानेवारीला शंभर टक्के घेरली गेली. पण नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या त्या बहुतेक पहिल्या चोवीस तासांतच. पुढचे तीन आठवडे तो आकडा बघून हादरणाऱ्यांना नव्यानं काही कळत नव्हतं.

आणि ते उपग्रहाच्या नकाशावरचे लाल ठिपके. तुम्ही बघत असणार, खात्री आहे माझी. एक ठिपका म्हणजे सुमारे पावणेचारशे मीटर बाजूचा चौकोन असतो, आणि उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच तिथून जातो. ठिपका तिच्या गल्लीवर दिसला म्हणजे गल्ली पेटली असं नव्हे. ते बघणं आजपासून बंद करा. त्याऐवजी राज्याचं अग्निशमन खातं ‘कॅल फायर’, तिच्या काउंटीचं पान, किंवा तिथले पुष्कळ लोक वापरतात ते ‘वॉच ड्यूटी’ (स्वयंसेवी संस्थेनं चालवलेलं आहे), यातलं लेक जे बघते तेच तुम्ही बघा. दोघींनी एकच नकाशा बघितला की वाद निम्मे कमी होतात. व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ तर नकोतच. २०२५मध्ये हॉलिवूडची ती प्रसिद्ध पाटी जळतानाची चित्रं जगभर फिरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली होती, पाटी जागच्या जागी धडधाकट होती.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा, कारण माझ्या मते तुमच्या पत्राचं खरं उत्तर इथे आहे.

ईटनची आग ७ जानेवारीला तिथल्या संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास लागली. आपल्याकडे तेव्हा ८ तारखेचे सकाळचे पावणेआठ वाजले होते. अल्टाडेनाच्या पश्चिम भागाला घर सोडण्याचा आदेश पोचला तो पहाटे साडेतीनच्या आसपास, म्हणजे आग लागून नऊ तास झाल्यावर. आगीत गेलेली माणसं जवळपास सगळी त्याच भागातली होती. तिथल्या झोपेच्या त्या सगळ्या वेळात नाशिकमध्ये लख्ख दिवस होता. तुम्ही पूर्ण जाग्या होतात.

म्हणजे तुमच्या लेकीचं घर जेव्हा सगळ्यात बेसावध असतं, नेमकं तेव्हा तुमच्याकडे दुपार असते. हे तुमचं दूर असणं उपयोगी पडणारं आहे. आपत्तीच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी बाहेरगावच्या एकाच माणसाला निरोप द्यावा, असा तिथल्या यंत्रणांचाही सल्ला असतो, कारण जळत्या भागात एकमेकांना फोन लागत नाहीत, पण बाहेर एखादा मेसेज निघून जातो. लेक एका रस्त्यानं, जावई ऑफिसातून दुसऱ्या रस्त्यानं, नात शाळेत, अशी चुकामूक झाली तर तिघांच्या मधला खांब तुम्ही व्हा.

त्यासाठी लेकीशी एक करार करा. त्यात तिच्याकडून थोडं मागा आणि स्वतःहून बरंच द्या. तिनं फक्त तीन शब्द पाठवायचे: ‘ठीक’, ‘निघालो’, ‘पोचलो’. साधा एसएमएस, कारण गर्दीच्या नेटवर्कवर कॉल अडकतो तेव्हाही तो जातो आणि बॅटरीही कमी खातो. तुम्ही त्याला ‘बरं’ एवढंच उत्तर द्यायचं. पुढे काही विचारायचं नाही. मावशी, काका, शेजारच्या वहिनी, शाळेतल्या मैत्रिणी या सगळ्यांना तुम्ही कळवायचं. बघा हं, आगीच्या दिवशी तिला फक्त तुमचेच तेवीस फोन आले असतील असं समजू नका. प्रेमाची सगळी माणसं एकाच वेळी तिच्या दारावर थापा मारत असतात. तो ओघ तुम्ही नाशिकमध्ये थोपवलात तर तिला श्वास घेता येईल.

आणि तुमचा फोन? तो फक्त एकाच कारणासाठी करायचा. तिच्या झोनची ‘वॉर्निंग’ किंवा ‘ऑर्डर’ निघाली, तिथे रात्र आहे आणि तिचा ‘निघालो’ आला नाही, तर. मग तेवीस नाही, पन्नास वेळा करा. तिला तिच्या मोबाइलमध्ये तुमचा नंबर असा ठेवायला सांगा की आवाज बंद असला तरी तो वाजेल, तशी सोय हल्लीच्या फोनमध्ये असते. सरकारी इशारे कधी उशिरा येतात, कधी चुकीचेही. ९ जानेवारी २०२५ला घर सोडायला तयार राहा असा इशारा चुकून साऱ्या काउंटीला गेला होता, त्यामुळे लोक ते आवाज बंद करून टाकतात. आईचा फोन तसा बंद होऊ नये असं वाटत असेल तर एरवी तो वाजू देऊ नका. नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा आपण कुणी रोज वाजवत बसत नाही.

हेही तिला सांगून ठेवा की धूर दाटला, ठिणग्या अंगणात पडायला लागल्या, तर कुणाच्या आदेशाची वाट बघायची नाही. घरं बहुतेक वेळा आगीची भिंत येऊन जळत नाहीत. वाऱ्यावर पुढे उडत आलेले निखारे पन्हळीतल्या वाळक्या पाल्यात किंवा छपराच्या जाळीतून आत पडतात आणि घर आतून धरतं. म्हणून मोसमाआधी पन्हळी साफ करणं, भिंतीला टेकवलेली लाकडं, पायपुसणी, सुकी झुडपं काढून घराभोवती पाच फूट मोकळं ठेवणं याला फार महत्त्व आहे. पण हा विषय वारा नसलेल्या दिवशी काढायचा. वाऱ्याच्या दिवशी काढलात तर तो टोमणा वाटेल.

वारा नसलेल्या अशा एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिघांना बसवा आणि एक वही घ्या. तुम्ही शाळेत हजेरीपट सांभाळलात, हे काम तुमच्या हातचं आहे. पासपोर्ट, व्हिसाचे किंवा ग्रीन कार्डाचे कागद, नातीचा जन्मदाखला, घराची विमा पॉलिसी, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्यांचे फोटो तुमच्याकडे मागवून घ्या. घरातल्या प्रत्येक खोलीतून मोबाइल फिरवून एक व्हिडिओ काढायला सांगा, विम्याच्या वेळी उपयोगी पडतो. ते मंगळसूत्र, तुमच्या सासूबाईंच्या पाटल्या तिच्याकडे असतील तर त्या कुठे आहेत आणि निघताना कोण उचलणार, हेही ठरवा. विम्याबद्दल मात्र सांभाळून विचारा. कॅलिफोर्नियात आगीच्या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांच्या पॉलिसी कंपन्यांनी पुढे चालू ठेवल्या नाहीत. तुम्हाला सांगितलं नसेल, पण त्या घोरातही ती असू शकते.

‘परत या’ म्हणू का, हे तुम्ही विचारलंत. माझं मत स्पष्ट आहे: आगीच्या, वाऱ्याच्या, धुराच्या दिवशी हे वाक्य अजिबात तोंडातून काढू नका. त्या क्षणी तिला त्यातून एवढंच ऐकू येतं, ‘तू चूक केलीस.’ रात्री सहा वर्षांच्या लेकराला उचलून घराबाहेर पडलेल्या बाईनं हा प्रश्न स्वतःला तुमच्या आधी विचारलेला असतो, खात्री बाळगा. शांत दिवशी मात्र विचारा, आणि प्रश्न म्हणूनच विचारा: ‘तिथेच राहायचं की थोडं खाली, डोंगरापासून लांब घर बघायचं, तुमच्या मनात काय आहे?’ उत्तर काहीही आलं तरी ऐकून घ्या.

नातीविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला ती पोर राहून राहून आठवतेय. घर सोडून निघालेलं मूल पुष्कळ दिवस ते मनात घोळवत असतं. तिला ‘घाबरली होतीस का गं?’ असं विचारू नका. त्या रात्री तिनं बरोबर काय घेतलं होतं ते विचारा. बाहुली, उशी, काहीही. मग ती बोलेल, तिला हवं तेवढं. तिच्या रोजच्या ठरलेल्या वेळी, म्हणजे तिच्या झोपेआधी आणि तुमच्या सकाळच्या चहाच्या वेळी, दहा मिनिटं गोष्ट सांगायला सुरुवात करा. वारा असला तरी आणि नसला तरी. लेकीची खुशाली तुम्हाला त्यातून आपोआप कळेल, न विचारता. फक्त एक काळजी घ्यायला सांगा: जवळपास घरं जळलेली असतील तर तिथल्या राखेत पोरीला खेळू देऊ नका, जुन्या घरांच्या राखेत शिसं असतं. धुराच्या दिवसांत खिडक्या बंद आणि हवा शुद्ध करणारं यंत्र चालू, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

राहता राहिलात तुम्ही. घरच्यांवर रागावू नका. ‘बातम्या बघू नकोस’ म्हणणारा माणूस बहुधा स्वतः दुसऱ्या खोलीत त्याच बातम्या बघत असतो. त्यांनाही वहीत एक काम द्या, दिवसातून दोनदा झोनचा नकाशा बघायचं. इशारा नसेल त्या दिवशी दोनच ठरलेल्या वेळा, सकाळी एक आणि दुपारी एक, बाकी वेळ मोबाइल दुसऱ्या खोलीत. झोप पंधरा-वीस दिवसांहून जास्त दिवस उडालेली असेल, छाती धडधडत असेल, बीपीच्या गोळ्या चुकत असतील, तर डॉक्टरांना दाखवाच. बोलावंसं वाटलं तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

उन्हाळ्यात संध्याकाळी ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या बाजूला डोंगरावर लाल रेघ दिसली, तर वनखात्याच्या १९२६वर कळवा, हे जाता जाता सांगून ठेवते. त्या डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवरही कुणाच्या लेकी राहतात.

लेकीला पहिला निरोप कसा लिहायचा, हे तुम्हाला अवघड जाईल म्हणून मीच लिहून देते. तुमच्या शब्दांत बदला, पण लांबवू नका.

‘बाळा, त्या दिवशी तेवीस फोन केले. तू काय करत असशील याचा विचार केला नाही, चुकलं माझं. आता एक काम मागते. तुझ्याकडे रात्र असते तेव्हा माझ्याकडे दिवस असतो, तर तेवढा वेळ तुमच्या भागावर लक्ष ठेवायचं काम मला दे. तू बघतेस तोच नकाशा मला लावून दे. आणि तुमच्या घराचा झोन नंबर पाठव, मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.’